घरच्या मत्स्यपेटीत शिंगटी : पाळण्याआधी जाणून घ्यावे असे काही

शोभेचे मासे पाळण्याची हौस गोव्यातील शहरांत आणि आता खेड्यांतही चांगली रुजली आहे. दिवाणखान्यात काचेची पेटी येते, तिच्यात गप्पी, मॉली, गोल्डफिश सोडले जातात आणि शेवटी दुकानदाराच्या सल्ल्याने तळाशी एखादा मिशाळ मासा येतो. ‘हा घाण खातो, पेटी स्वच्छ ठेवतो, याला वेगळे काही घालावे लागत नाही,’ असे त्याच्याविषयी सांगितले जाते. या एका समजुतीपायी पेटीतील जेवढे मिशाळ मासे मरतात, तेवढे क्वचितच एखाद्या रोगाने मरत असतील. कोणताही मासा विष्ठेवर जगत नाही. तळाशी वावरणाऱ्या माशाला वरच्या माशांनी टाकलेले उष्टे पुरत नाही आणि तळाशी साचलेल्या घाणीचा पहिला त्रास त्यालाच होतो.

प्राणहितेच्या काठची मासळी

मिशाळ माशांना इंग्रजीत ‘कॅटफिश’ म्हणतात. या कुळातील लहान चणीच्या, पेटीत मावणाऱ्या जातींना ‘ड्वार्फ’ म्हणजे ठेंगणे मिशाळ मासे म्हटले जाते. परदेशी जातींचा बोलबाला असला, तरी या नावाने जगभर ओळखला जाणारा एक मासा अस्सल भारतीय आहे. शास्त्रीय परिभाषेत तो ‘मिस्टस विट्टाटस’, मराठीत शिंगटी, हिंदी-बंगालीत टेंगरा आणि तेलुगूत जेल्ला. ही लोकनामे एकाच जातीची नाहीत. त्या गोतावळ्यातील अनेक भाऊबंदांना ती सरसकट लावली जातात.

शिंगटीला काय हवे, हे समजून घ्यायचे तर तिच्या गावची वाट धरावी लागते. तेलंगणातील बेज्जूर हा पूर्वीच्या आदिलाबाद जिल्ह्याचा आणि 2016 नंतर आसिफाबाद जिल्ह्यात गेलेला जंगलपट्ट्याचा भाग. वर्धा आणि वैनगंगा यांच्या संगमातून जन्मलेली प्राणहिता याच पट्ट्याच्या कडेने वाहते आणि सुमारे 113 किलोमीटरचा प्रवास करून सिरोंचाजवळ गोदावरीला मिळते. तिच्या एका तीरावर गडचिरोली, दुसऱ्या तीरावर तेलंगण. एका काठाला मराठी, दुसऱ्याला तेलुगू आणि दोन्हीकडे गोंडी. गोदावरीच्या अशा खोऱ्यांत शिंगटीचा गोतावळा नांदतो. उन्हाळ्यात नदी आटून वाळूच्या पुळणी उघड्या पडतात आणि मासे डोहांत गोळा होतात. पावसाळ्यात गढूळ पाणी नाल्यांतून, तळ्यांतून, भातखाचरांतून पसरते आणि मासे त्या उथळ पाण्यात अंडी घालण्यासाठी शिरतात. मऊ तळ, मंद प्रवाह, पाणवनस्पतींचा आडोसा आणि अंधार या शिंगटीच्या मूळ घराच्या खुणा आहेत. पेटीत नेमके हेच उभे करावे लागते.

या माशाचे शास्त्रीय वर्णन 1794 साली बर्लिनच्या मार्कुस ब्लॉख या वैद्य-शास्त्रज्ञाने केले. त्यासाठीचे नमुने दक्षिणेतील तेव्हाच्या डॅनिश वसाहतीतून, म्हणजे आजच्या तमिळनाडूतील तरंगमबाडीहून गेले होते. पुढे एकोणिसाव्या शतकात भारतातील माशांचा मोठा ग्रंथ लिहिणाऱ्या फ्रान्सिस डे यांनी नोंदवले आहे की, म्हैसूरकडे या माशाला सारंगीवाल्याच्या अर्थाचे ‘फिडलर’ हे नाव होते. पाण्याबाहेर डिवचल्यावर तो कल्ल्यामागचे काटे खुब्यात घासून मधमाशीच्या गुणगुणण्यासारखा आवाज काढतो, यावरून ते पडले.

ठेंगणी कोणती, वाढणारी कोणती?

शिंगटीच्या अंगाला खवले नसतात. तोंडाभोवती मिशांच्या चार जोड्या असतात आणि त्यांवर चव ओळखणाऱ्या पेशी विखुरलेल्या असतात; गढूळ पाण्यात किंवा रात्री ती डोळ्यांपेक्षा मिशांनीच अन्न शोधते. रुपेरी किंवा सोनेरी अंगावर लांबीला समांतर असे गडद पट्टे आणि खांद्यामागे एक काळसर ठिपका, ही या जातीची ओळख. लांबी साधारणपणे 10 ते 12 सेंटीमीटर. याहून मोठे नमुनेही आढळतात.

फसगत होते ती येथेच. याच गोतावळ्यातील ‘मिस्टस कॅव्हासियस’ आणि निमखाऱ्या पाण्यातला ‘मिस्टस गुलिओ’ यांची पिले बोटभर असताना शिंगटीसारखीच दिसतात. पण पूर्ण वाढ झालेले हे मासे 40 सेंटीमीटरच्या आसपास जाऊ शकतात. अंगावर पट्टे नसतील आणि पाठीवरच्या पराच्या मुळाशी काळा डाग असेल, तर ते पिलू घरच्या पेटीसाठी नव्हे, असे समजावे. ‘अजून वाढणार नाही’ या तोंडी हमीवर विसंबू नये. पेटी लहान असली की मासा लहान राहतो, हा आणखी एक गैरसमज. प्रत्यक्षात वाढ खुंटलेला मासा आजारी असतो आणि आयुष्य पुरे न करताच मरतो.

परदेशी ठेंगण्यांत दक्षिण अमेरिकेतील ‘कोरीडोरास’ सर्वांत लोकप्रिय आहे. त्यातील ‘पिग्मी’ म्हणून विकली जाणारी जात जेमतेम अडीच सेंटीमीटरची असते. हे मासे शिंगटीपेक्षा कितीतरी शांत असल्याने छोट्या माशांच्या संगतीत चालतात. ते अधूनमधून पृष्ठभागावर येऊन हवेचा घोट घेतात आणि आतड्यातून प्राणवायू शोषतात; हे आजाराचे लक्षण नव्हे. मात्र सर्वच मासे वारंवार वर येऊन धापा टाकू लागले, तर पाणी बिघडले आहे, असे ओळखावे.

पेटी आणि तळ

शिंगटी एकटी ठेवू नये. पाच-सहांचा थवा असला तरच तिचा बुजरेपणा जातो. एवढ्या थव्याला 90 सेंटीमीटर लांब, 30 सेंटीमीटर रुंद आणि 45 सेंटीमीटर उंच पेटी किमान मानावी. काठोकाठ भरल्यास तिच्यात सुमारे 120 लिटर पाणी मावते. काच, वाळू आणि दगड धरून हे वजन दीड क्विंटलपर्यंत जाते, तेव्हा ती टीव्हीच्या कपाटावर नव्हे, भक्कम चौकटीवर ठेवावी.

तळाला बारीक, गोलसर कणांची धुतलेली वाळू पसरावी. दुकानांत मिळणारी रंगीत, टोकदार खडी दिसायला आकर्षक असली, तरी तिच्यावर मिशा घासून झिजतात, जखमा होतात आणि त्यांतून जंतुसंसर्ग होतो. खडीच्या फटींत कुजणारे अन्न निराळेच. समुद्राची वाळू वापरू नये. तिच्यातील शिंपल्यांचा चुरा पाणी जड करतो. लाकडाचे ओंडके, मातीच्या फुटक्या कुंड्या, गोटे आणि पाणवनस्पती यांनी लपायला जागा द्यावी. माशांइतक्या जागा असल्या, तर हद्दीवरून होणाऱ्या चकमकी कमी होतात. दिवा मंद ठेवावा आणि पेटीवर झाकण असावे.

न दिसणारे विष

नवी पेटी भरून त्याच दिवशी मासे सोडले, की आठवड्याभरात ते एकेक करून मरू लागतात. पाणी स्फटिकासारखे स्वच्छ असते, म्हणून कारण कळत नाही. माशांच्या कल्ल्यांतून आणि विष्ठेतून, तसेच उरलेल्या अन्नातून अमोनिया तयार होतो. तो अत्यंत विषारी असतो. एका प्रकारचे जिवाणू त्याचे नायट्राइटमध्ये आणि दुसऱ्या प्रकारचे जिवाणू नायट्राइटचे त्यामानाने निरुपद्रवी नायट्रेटमध्ये रूपांतर करतात. हे जिवाणू फिल्टरच्या स्पंजावर, वाळूवर आणि दगडांवर वसतात. त्यांची वसाहत पुरती बसायला सुमारे चार ते सहा आठवडे लागतात. तोवर पेटीत मासे न सोडता फिल्टर चालू ठेवून थोडे थोडे अन्न घालत राहावे. चालत्या पेटीतला जुना स्पंज मिळाल्यास हा काळ बराच कमी होतो. चाचणी-संचात अमोनिया आणि नायट्राइट दोन्ही शून्य दिसू लागले, की पेटी तयार झाली.

यानंतर दर आठवड्याला पाव ते तिसरा हिस्सा पाणी बदलावे. सगळे पाणी उपसून पेटी घासून काढणे हे स्वच्छतेचे नव्हे, जिवाणूंच्या कत्तलीचे काम आहे. स्पंजही नळाखाली धुऊ नये. पेटीतून काढलेल्या पाण्यात पिळून घ्यावा.

गोव्यातील नळाच्या पाण्यात क्लोरीन असते, ते मासे आणि जिवाणू दोघांनाही मारते. असे पाणी बादलीत दिवसभर हवा खेळवत ठेवावे किंवा क्लोरीननाशक द्रावण घालून मगच वापरावे. जांभ्या दगडातील विहिरींचे पाणी बहुधा मऊ आणि किंचित आम्लधर्मी असते. ते शिंगटीला आणि कोरीडोरासलाही मानवते. सामू 6 ते 7.5 आणि तापमान 22 ते 28 अंश सेल्सियस या मर्यादा शिंगटीला सोयीच्या. म्हणजे कोकणपट्टीत हीटरची गरज क्वचितच पडते. अडचण असते ती मे महिन्यात, कारण पाणी जितके तापेल तितका त्यातील प्राणवायू घटतो. पेटी उन्हापासून दूर ठेवावी आणि पृष्ठभाग हलता राहील अशी फिल्टरची धार सोडावी.

पावसाळ्यात तासन्‌तास वीज जाणे गोव्याला नवे नाही. फिल्टर बंद पडला की मासे गुदमरतातच, शिवाय स्पंजातील जिवाणूही प्राणवायूविना मरू लागतात. बॅटरीवर चालणारा हवेचा छोटा पंप जूनपूर्वी घेऊन ठेवावा. वीज नसताना माशांना खायला घालू नये.

रात्रीचे जेवण

शिंगटी निशाचर आहे. दिवसा वर टाकलेले दाणे इतर मासे फस्त करतात आणि ती उपाशी राहते. म्हणून तळाशी बुडणाऱ्या गोळ्या दिवा मालवल्यानंतर टाकाव्यात. आठवड्यातून दोन-तीनदा सुंगटांचे बारीक तुकडे, स्वच्छ धुतलेले गांडूळ किंवा गोठवलेले रक्तकृमी द्यावेत. गटारांतून गोळा केलेले जिवंत ट्यूबिफेक्स किडे रोग आणतात, ते टाळावेत. तोंडात मावेल तो जीव खाणे हा शिंगटीचा स्वभाव. गप्पी, निऑन टेट्रा यांसारखे चिमुकले मासे तिच्या सोबतीला ठेवल्यास सकाळी त्यांची संख्या घटलेली दिसते. मध्यम आकाराचे, चपळ बार्ब मासे हे तिचे योग्य सोबती होत.

काटा आणि औषध

पाठीवरील पराच्या पुढच्या बाजूला आणि दोन्ही कल्ल्यांमागे शिंगटीला ताठ, दातेरी काटे असतात. घाबरल्यावर ती ते उभारते. जाळीने पकडायला गेले की काटे जाळीत अडकतात आणि सोडवताना मासा जखमी होतो; म्हणून तिला पसरट भांड्यात हाकलून उचलावे. आणताना प्लॅस्टिकची पिशवी दुहेरी असावी. काटा बोटाला लागल्यास चांगलीच ठणक लागते. जखम धुऊन बोट सोसवेल इतक्या गरम पाण्यात बुडवल्यास वेदना कमी होते. सूज वाढली किंवा काट्याचा तुकडा आत राहिला, तर डॉक्टरांकडे जावे.

खवले नसल्यामुळे औषधेही या माशांना लवकर बाधतात. पांढऱ्या ठिपक्यांच्या रोगावर वापरली जाणारी तांबेयुक्त आणि मॅलाकाइट ग्रीनची औषधे खवलेधारी माशांच्या मात्रेत देऊ नयेत. वेष्टनावर मिशाळ माशांसाठी वेगळी मात्रा असल्यास तीच पाळावी. मूठभर मीठ टाकण्याचा घरगुती उपायही येथे जपूनच करावा. आणलेला नवा मासा दोन-तीन आठवडे वेगळ्या पेटीत ठेवणे, हा सर्वांत स्वस्त उपचार आहे.

पेटीबाहेरचा प्रश्न

शिंगटीच्या या जातीला आज नामशेष होण्याचा धोका नाही. परंतु हौसेचा व्यापार एखाद्या देशी माशाचे काय करू शकतो, याचे उदाहरण सह्याद्रीतच आहे. ‘मिस केरळ’ म्हणून जगभर विकला गेलेला डेनिसन बार्ब बेसुमार पकडला गेला आणि संकटग्रस्त प्रजातींच्या यादीत गेला. पहिल्या पावसात चढणीचे मासे अंडी घालायला निघतात, त्या दिवसांत नाल्यातून पेटीसाठी मासे उचलणे म्हणजे पुढच्या पिढीवरच घाला. निमखाऱ्या पाण्यातील गुलिओच्या बीजोत्पादनाचे तंत्र चेन्नईच्या केंद्रीय निमखारे जलकृषी संशोधन संस्थेने विकसित केले आहे. पेटीतल्या माशांच्या बाबतीतही शक्य तिथे पैदास केंद्रातील मासेच मागावेत. गिऱ्हाइकाने विचारल्याशिवाय दुकानदार ते आणणार नाही.

उलट दिशेचा धोका याहून मोठा आहे. ‘काच साफ करणारा’ म्हणून विकला जाणारा दक्षिण अमेरिकी सकर मासा पेटीत मावेनासा झाला, की अनेकजण दयाबुद्धीने त्याला नदीत सोडतात. तो 40 सेंटीमीटरहून अधिक वाढतो, काठांत बिळे पाडतो आणि देशी माशांचे खाद्य बळकावतो. त्याच्या टणक, काटेरी अंगाने जाळी फाटतात. देशातील अनेक नद्या-जलाशयांत तो पसरला असून उजनीच्या मच्छीमारांनाही त्याचा उपद्रव झाला आहे. आफ्रिकी वंशाच्या, ‘थाई मांगूर’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या माशाच्या पालनावर केंद्राने 2000 सालीच बंदी घातली. तरीही तो पुरता हटलेला नाही. मांडवी, झुआरी, शापोरा किंवा घरामागचा वझर, कुठल्याही पाण्यात पेटीतला मासा सोडू नये. देशी मासाही सोडू नये, कारण त्याच्यासोबत पेटीतले रोगजंतू जातात. मासा नकोसा झाल्यास तो दुकानदाराला परत करावा किंवा दुसऱ्या हौशी पाळणाऱ्याला द्यावा. पेटीतले पाणी आणि पाणवनस्पतीही ओहोळात न टाकता बागेतील झाडांना घालाव्यात.

चांगल्या निगेत शिंगटी कित्येक वर्षे सोबत करते. तेव्हा बाजारात जाण्यापूर्वी तीन प्रश्नांची उत्तरे घरात ठरलेली असावीत : पेटी सहा आठवडे रिकामी चालवण्याचा धीर आहे का, दर आठवड्याला पाणी बदलणार कोण आणि घर बदलावे लागले तर मासे कुणाकडे जातील. उत्तरे नसतील, तर खरेदी पुढे ढकलणेच माशाच्या आणि नदीच्याही हिताचे.