परदेशीं धाडावयाचा अहेर

मागील दिवाळीस लंडनच्या मुलीस आम्ही नऊ हजारांची साडी धाडली. गोंदियाच्या एका दुकानदारानेंच ती परस्पर पाठविली. ती सोडवून घेण्यास मुलीस शेंकडा 20 मूल्यवर्धित कर व वर वाहकाची हाताळणावळ भरावी लागली, हें आम्हांस आठ महिन्यांनीं जांवयांकडून कळलें. माहेरच्या अहेराविषयीं लेक आईजवळ पैशाचा शब्द कसा काढणार?

चूक आमचीच. एका व्यक्तीनें दुसऱ्या व्यक्तीस पाठविली तरच जकातवाले तिला भेट मानतात. दुकानानें धाडला तो मालच. अशा भेटीवर ब्रिटनांत 39 पौंडांपर्यंत व युरोपीय संघांत 45 युरोंपर्यंत कर नाहीं. साडी तशीही ह्या मर्यादेबाहेरचीच होती. पण आधीं ठाऊक असतें तर कराचे पैसे आम्ही मुलीस तेव्हांच दिले असते.

अमेरिकेचें निराळें. 800 डॉलरांपर्यंतच्या मालास असलेली सूट 29 ऑगस्ट 2025 रोजीं गेली, त्या सुमारास आपल्या टपालखात्यानें तिकडील पार्सलें घेणेंच थांबविलें. 15 ऑक्टोबरपासून तीं पुन्हां सुरू झालीं तीं कर पाठविणाराकडून येथेंच आगाऊ घेण्याच्या पद्धतीनें. घेणाराच्या दृष्टीनें हें बरेंच झालें म्हणावयाचें! व्यक्तीनें व्यक्तीस दिलेली 100 डॉलरांपर्यंतची भेट मात्र करमुक्तच राहिली. एका पेटींत लेक, जांवई व नातू अशा तिघांच्या भेटी असल्यास प्रत्येकीस वेगळें वेष्टण व नांव घालावें, म्हणजे प्रत्येकीची मर्यादा स्वतंत्र धरतात.

जकातीच्या चिठीवर ‘भेट’ अशी खूण करून आंतील वस्तू एकेक लिहाव्या. नुसतें ‘घरगुती सामान’ लिहूं नये. किंमतही खरीच लिहावी. तीन हजारांच्या शालीवर शंभर रुपये लिहिणारे सुशिक्षित गृहस्थ मीं पाहिले आहेत. उद्यां पेटी गहाळ झाली तर भरपाई कशाच्या आधारें मागणार? आणि मुलांना आपण सत्य बोलण्यास शिकवितों तें कोणत्या तोंडानें?

आपल्या ह्या धानाच्या जिल्ह्यांतील आजीस नातवासाठीं मूठभर चिन्नोर धाडावासा वाटणारच. परंतु खापरा किडीच्या भयानें अमेरिकेनें 2011 पासून आपल्याकडील तांदूळ टपालानें वा प्रवाशाच्या सामानांतून येऊं देणें बंद केलें आहे. ब्रिटनला दुधाचे पदार्थ चालत नाहींत, म्हणजे पेढाही गेला.

यंदा लंडनला तेलांतल्या चकल्याच जाणार आहेत. नवी साडी मुलगी वैशाखांत येईल तेव्हांसाठीं कपाटांत ठेविली आहे.