जुनेरातला नवा वेष

पौष-माघात इंदापूर तालुक्यातल्या कुठल्याही गावी सकाळी फेरफटका मारा. अंगणातल्या बाजेवर, परड्याच्या गडग्यावर गोधड्या उन्हाला टाकलेल्या दिसतील. त्यांना कुणी कला म्हणत नाही, आणि त्यावाचून त्यांचं काही अडलेलंही नाही. पण आज शहरांतल्या वस्त्ररचनेच्या शाळांत ‘टिकाऊ फॅशन’ म्हणून जे शिकवतात, त्याचा पहिला धडा त्या बाजेवर पडलेला असतो.

टिकाऊ म्हणजे नुसतं पुष्कळ दिवस चालणारं नव्हे. नवं कापड कमी लागावं आणि हातचं वाया जाऊ नये, हा त्यातला खरा अर्थ. कारखान्यात कपडे बेतताना दहा-पंधरा टक्के कापड कातरणीत जातं. गोधडीत काहीच जात नाही. नऊवारी लुगडं विरलं की त्याचा मऊ भाग तान्ह्याच्या दुपट्याला, धड भाग गोधडीच्या वरच्या थराला, आणि उरल्या चिंध्या मधे भरायला. धावदोरा हे सगळे थर एकत्र धरतो.

आता भावनेचं. रचनाकार मंडळी एखादी मनःस्थिती घेऊन पाच-सहा कपड्यांचा संच उभा करतात. दुःख म्हटलं की काळा, आनंद म्हटलं की पिवळा! मला हे फार सोपं वाटतं. माझी आई गेली तेव्हा ट्रंकेत तिची तीन लुगडी होती. थोरली बहीण म्हणाली, “कात्री लावायची नाही.” धाकटी म्हणाली, “मग काय उंदरांना घालायची?” दोन वर्षं हा वाद चालला. शेवटी गोधडी झाली, ती थोरलीनंच शिवली. आणि हिरव्या लुगड्याचा गुडघ्याशी झिजलेला, ठिगळाचा तुकडा तिनं उशाकडे मधोमध घेतला. आई त्याच लुगड्यात खुरपायला जायची. आमच्या दुःखाचा रंग हिरवा निघाला.

शिक्षकबंधूंनी मुलांना रंगपेटी देण्याआधी घरचा एक जुना कपडा आणायला सांगावा. कुणाचा होता, कशानं झिजला, हे विचारावं. उजनी धरण 1980 मध्ये पूर्ण झालं आणि पळसदेवसारखी गावं उठून नव्या जागी बसली. उन्हाळ्यात पाणी उतरलं की तिथलं जुनं देऊळ अजून उघडं पडतं. अशा घरच्या मुलीनं आजीच्या लुगड्याचं जाकीट बेतलं, तर गाळाचा करडा रंग आणि उतरत्या पाण्याच्या काठावर राहणाऱ्या रेषा तिला चित्रांच्या पुस्तकात शोधाव्या लागणार नाहीत. त्या रेषांसारखाच तर धावदोरा दिसतो.

कापड मात्र पारखून घ्यावं. पॉलिएस्टरची साडी सुती लुगड्यासारखी झिजून मऊ पडत नाही, घामही टिपत नाही. तान्ह्याच्या अंगाला ती नको. शिंप्याकडची सुती कातरण मागून आणावी, ती बहुधा फुकट मिळते. नवं कापड जुन्याला जोडायचं असेल तर ते आधी धुऊन वाळवावं. नाहीतर पहिल्याच धुण्यात नवं आटतं, आणि जुनं टाक्याशी फाटतं.