देश बदलला, देह बदलला!

परदेशी स्थायिक झालेल्यांच्या तब्येतीचं पुढे काय होतं? संशोधक कित्येक दशकं त्यांच्या मागावर आहेत. हाती लागलेल्या या काही गमतीजमती.

आले तेव्हा ठणठणीत
अमेरिका, कॅनडा, ऑस्ट्रेलियात नव्यानं आलेले लोक सरासरीनं स्थानिकांपेक्षा निरोगी असतात. घरदार सोडायची उमेद बहुधा धडधाकट माणूसच बाळगतो. वर व्हिसाआधीची वैद्यकीय तपासणी. पण दहा-वीस वर्षांत ही आघाडी बरीचशी ओसरते.

पोटातले पाहुणे पसार
थायलंडहून मिनेसोटात आलेल्या मोंग आणि करेन जमातींच्या स्त्रियांच्या आतड्यांतले जिवाणू 2018च्या एका अभ्यासात तपासले. सहा ते नऊ महिन्यांतच त्या जिवाणूंचा ‘अमेरिकी’ तोंडवळा दिसू लागला होता! जिवाणूंचे प्रकार घटले, भाजीपाल्यातला चोथा पचवण्याची क्षमताही घटली. पुढच्या पिढीत आणखी घट.

परदेश कशाला, शहर पुरे
केनियातले लुओ लोक खेडं सोडून नैरोबीत आले आणि काही महिन्यांतच रक्तदाब चढला. लघवीत सोडियम जास्त, पोटॅशियम कमी. गुन्हेगार ताटातच होता.

ऊन हरवलं
1960-70च्या दशकांत ग्लासगोमधल्या भारतीय-पाकिस्तानी मुलांत मुडदूस आढळू लागला. ऊन कोवळं, त्वचा सावळी. ‘ड’ जीवनसत्त्व तयार होणार कसं?

सडपातळांनो, सावधान
पुण्याचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन, दोघांचाही बीएमआय (उंचीच्या मानानं वजन) 22.3. शरीरातली चरबी मात्र युडकिन यांची 9.1 टक्के, तर याज्ञिकांची 21.2! 2004 साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात दोघांचा फोटोच छापून आला. छुपी चरबी म्हणजे मधुमेहाला आमंत्रण. म्हणूनच अमेरिकेत वजनदार लोकांची मधुमेहासाठी चाचणी सुचवतात ती बीएमआय 25 पासून. आशियाई वंशाच्यांसाठी 23 पासूनच.

रक्त एक, पत्ते तीन
एका जुन्या अभ्यासात जपानी वंशाच्या पुरुषांत हृदयविकार जपानमध्ये सर्वांत कमी आढळला, हवाईत मध्यम, कॅलिफोर्नियात सर्वांत जास्त. पक्षाघात मात्र जपानमध्येच अधिक. खरी गंमत पुढे आहे. कॅलिफोर्नियात राहूनही जपानी रीतीभाती आणि गोतावळा धरून असलेल्यांचं हृदयविकाराचं प्रमाण जपानइतकंच कमी निघालं. आहार, धूम्रपान, रक्तदाब यांचा हिशेब मांडूनही हा फरक पुरता उलगडेना. तेव्हा परदेशस्थ मंडळींनो, महाराष्ट्र मंडळाची वर्गणी खुशाल औषधपाण्याच्या खात्यात टाका!