ठोकणारे इंजिन : जुन्या जीपविषयीचे काही गैरसमज

दुसऱ्या महायुद्धात विलीज आणि फोर्ड या अमेरिकन कारखान्यांनी लाखोंच्या संख्येने घडविलेली, आणि पुढे मुंबईत महिंद्रा कंपनीच्या जोडणीतून सरकारी दौऱ्यांच्या व शेतमळ्यांच्या दिमतीस आलेली जीप आजही सह्याद्रीच्या कच्च्या वाटांवर आढळते. परंतु तिच्या इंजिनातून ठकठक ऐकू आली, की ‘इंजिनाचे काम निघाले’ हा निकाल बहुधा बॉनेट उघडण्यापूर्वीच दिला जातो. वस्तुतः ठोका हे एकाच व्याधीचे नाव नव्हे. तो केव्हा येतो, कशाने वाढतो व कशाने थांबतो, याची खातरजमा केल्यावाचून पाना हाती घेणे म्हणजे मालकाच्या पैशाचा आणि चांगल्या यंत्राचा अपव्यय होय.

सर्वांत रूढ गैरसमज पेट्रोलविषयीचा आहे. अमेरिकेत १९२१ साली टॉमस मिज्ली यांनी टेट्राएथिल लेड हे शिशाचे संयुग पेट्रोलचे ठोकणे थांबविते असे दाखवून दिले, आणि भारतात २००० साली शिसेयुक्त पेट्रोल बंद झाले. या दोन घटनांची सांगड घालून ‘शिसे गेले म्हणून जीप ठोकते’ असे सांगितले जाते. पण विलीजच्या मूळच्या २.२ लिटर इंजिनाचे दाबगुणोत्तर अवघे ६.४८ आहे आणि आज पंपावरचे साधे पेट्रोल किमान ९१ ऑक्टेनचे असते, म्हणजे त्या इंजिनाच्या गरजेहून पुष्कळच वरचढ. शिशाचा दुसरा उपयोग वाल्व्हच्या बैठकांची झीज रोखण्याचा होता. ती चिंता खरी, तथापि तिचा ठोक्याशी संबंध नाही. चढावर ॲक्सिलरेटर दाबताच जी धातूची खणखण ऐकू येते, ती ठिणगीने पेटलेली ज्योत पोहोचण्यापूर्वीच कोपऱ्यातले मिश्रण आपोआप पेट घेत असल्यामुळे. आणि त्याची कारणे बहुधा पुढे सरकलेले टायमिंग, साचलेला कार्बन, पेट्रोल कमी पडलेले मिश्रण किंवा तुंबलेला रेडिएटर यांपैकी असतात. या इंजिनाचे वाल्व्ह ब्लॉकमध्येच असल्याने हेड उतरवून कार्बन खरवडणे हे काम सोपे आहे. महाग पेट्रोल भरून ते टाळू नये.

यांत्रिक ठोक्यांचा तपास अधिक सूक्ष्म आहे आणि खरे कौशल्य तेथेच लागते. इंजिन थंड असताना वाजणारा व तापताच विरणारा आवाज सैल पिस्टनचा. तो दीर्घकाळ सोसता येतो. क्रँकच्या निम्म्या गतीने होणारी टिकटिक टॅपेटची, कारण कॅमशाफ्ट क्रँकच्या दोन फेऱ्यांत एकदाच फिरते. थंड इंजिनावर फीलर गेजने ०.०१६ इंचाचे अंतर लावले की ती बहुधा मिटते. याउलट तेल तापून पातळ झाल्यावर वाढणारा, आणि ॲक्सिलरेटर किंचित सैल सोडताच स्पष्ट होणारा ठोका कनेक्टिंग रॉडच्या बेअरिंगचा असतो. एकेका प्लगची वायर काढून पाहावी. ज्या सिलिंडरचा प्लग बंद करताच आवाज मंदावतो, दोष तेथला. मेन बेअरिंगचा आवाज याहून खोल, आणि ओझ्याखाली अधिक. लांब स्क्रूड्रायव्हरची मूठ कानाला व टोक ब्लॉकला लावून ऐकण्याची मिस्त्रीची रीत अशास्त्रीय मुळीच नव्हे. मात्र त्याआधी क्रँकची पुली, फ्लायव्हीलचे बोल्ट आणि इंजिनाचे माउंटिंग घट्ट आहेत ना, हे पाहिलेच पाहिजे.

‘जाड तेल घाला, आवाज जाईल’ हा सल्ला सर्रास मिळतो. आवाज कमी होतो हे खरे. झीज मात्र तशीच राहते, आणि थंड इंजिनात ते तेल बेअरिंगपर्यंत उशिरा पोहोचते. ऑइल प्रेशरचा काटा गरम इंजिनावर पडत असेल, तर तो पुरावा जाड तेलाने झाकू नये.

त्याहूनही घातक प्रथा बेअरिंगच्या कॅपा कानशीने घासून फट बुजविण्याची. त्यामुळे गोल छिद्र लंबगोल होते आणि बेअरिंगचे नवे शेलही अल्पकाळात खराब होतात. इंजिनाखालचा तेलाचा चेंबर उतरवून क्रँकचा जर्नल दोन दिशांनी मायक्रोमीटरने मोजावा. तो लंबगोल झाला असेल वा त्यावर चरे उमटले असतील, तर क्रँक ग्राइंड करून ०.०१० किंवा ०.०२० इंच अंडरसाइझचे शेल बसविणे हीच खरी दुरुस्ती. पॉलिश पेपर फिरविल्याने लंबगोल जर्नल गोल होत नाही.

डिझेल जीपच्या मालकांची समजूत निराळी असते: डिझेल ठोकणारच! पिचकारीतून आलेले इंधन क्षणभर थांबून मग पेटते, म्हणून थोडा खडखडाट स्वाभाविक आहे. परंतु तो अचानक वाढला तर ठिबकणारा इंजेक्टर अथवा सरकलेले पंपाचे टायमिंग तपासावे. ही तपासणी जाणत्या हातांकडेच सोपवावी, कारण उच्च दाबाची डिझेलची धार त्वचा भेदून शरीरात शिरते.

आणि रॉडचा ठोका ओळखला गेल्यावर ‘हळूहळू घरापर्यंत नेतो’ असे म्हणू नये. रॉड तुटून ब्लॉक फुटला, तर शेलच्या खर्चात होणाऱ्या कामासाठी सगळे इंजिन बदलावे लागते. इंजिन जागीच बंद करावे आणि जीप ओढून न्यावी.