पाण्याने धुवायची बंदूक

(जुन्या वस्तूंची निगा : लेखांक ९)

मागचे दोन लेखांक तांब्या-पितळेत गेले. आता लोखंडाकडे वळू, आणि तेही अशा लोखंडाकडे की ज्याला हात लावण्याआधी कायदा आठवावा लागतो.

नागपूरहून सावनेर ओलांडले की लोधीखेडा, सौसर आणि पलीकडे पांढुर्ण्यापर्यंत संत्रा, कपाशी आणि मक्याचा पट्टा लागतो. ऑक्टोबर २०२३ पासून हा भाग छिंदवाड्यातून निघून पांढुर्णा जिल्हा झाला. जिल्हा बदलला, रानडुकरे तीच राहिली. पिकाच्या राखणीसाठी ठासणीची बंदूक बाळगायचा परवाना १९५९ च्या शस्त्र कायद्यातच वेगळा नमूद आहे. त्या सोयीवर आजोबांनी घेतलेली एखादी भरमार, किंवा मालगुजारीच्या काळातली दुनळी बारा बोअर, सातपुड्याच्या पायथ्याच्या जुन्या घरांत अजून निघते. ती बहुधा माळ्यावर असते आणि बहुधा गंजलेली असते. मग घरातला कोणी हौशी गडी पॉलिश पेपर घेऊन बसतो आणि गंजाने पन्नास वर्षांत केले नसेल इतके नुकसान एका दुपारी करतो.

परवाना आधी पाहा. नूतनीकरण राहिले असेल, किंवा परवानाधारक वारला असेल, तर साफसफाईचा विचार नंतर. पहिले काम ती बंदूक ठाण्यात किंवा परवानाधारक दुकानदाराकडे रीतसर जमा करून वारसाचा अर्ज करणे. ‘जुनीच तर आहे’ हे कारण चालत नाही. जी दुरुस्त करूनही कधी चालू शकणार नाही, अशाच जुन्या हत्याराला कायद्यात सूट आहे, आणि ती चालू शकते की नाही हे आपण घरी बसून ठरवायचे नसते. दुरुस्तीचा परवानाही वेगळा असतो. त्यामुळे या लेखात जे सांगतो आहे ते पुसणे, धुणे आणि तेल लावणे एवढेच. घोड्याची स्प्रिंग, घोड्याखालची फुटलेली निपल, ढिली नळी ही कामे परवाना असलेल्या कारागिराची.

दुसरी गोष्ट परवान्याहून निकडीची. ठासणीची बंदूक तोंडाकडून भरतात, त्यामुळे ती भरलेली आहे की रिकामी हे मागून उघडून पाहता येत नाही. काळी दारू कोरडी राहिली तर वर्षे उलटली म्हणून मरत नाही. न्यूयॉर्कच्या सेंट्रल पार्कमध्ये एक जुनी तोफ होती, १७८० साली बुडालेल्या ‘हुसार’ या ब्रिटिश जहाजावरची. जानेवारी २०१३ मध्ये कर्मचारी तिचा गंज काढत होते. तोंडातले बूच काढल्यावर आत गोळा निघाला आणि सुमारे ८०० ग्रॅम दारूही, पेट घेऊ शकेल अशा अवस्थेतली. म्हणून गज घ्या, तोंडाला तोंड न लावता बाजूने उभे राहून तो नळीत तळापर्यंत सोडा आणि तोंडाशी खूण करा. मग तोच गज नळीच्या बाहेरून धरून खूण कुठवर येते ते पाहा. आतली खोली निपलच्या जागेपर्यंत पोहोचत नसेल, चार बोटे जरी कमी भरली, तरी आत काहीतरी आहे. तिथेच थांबा आणि जाणकाराला बोलवा. खरवडून काढायचा मोह नको.

आता पाण्याकडे येऊ. लोखंडाचा वैरी पाणी, हे शाळेतल्या पोरालाही ठाऊक असते. म्हणून बार काढलेली ठासणीची बंदूक गरम पाण्याने धुवायची म्हटले की ऐकणाऱ्याच्या कपाळाला आठी पडते. पण कारण दारूतच आहे. काळ्या दारूत ७५ भाग सोरा, १५ भाग कोळसा आणि १० भाग गंधक. ही दारू पेटली की सगळी धूर होऊन जाते असे वाटते, प्रत्यक्षात तिच्या वजनाचा निम्म्याहून जास्त भाग घन राखेच्या रूपात उरतो. ही राख चुलीतली नव्हे. तिच्यात पोटॅशियमचे कार्बोनेट, सल्फेट आणि सल्फाइड असतात, आणि त्यातले कार्बोनेट फार हावरे. हवेतली आर्द्रता ४३ टक्क्यांच्या वर गेली की ते हवेतले पाणी ओढून स्वतःच ओले होते. आपल्याकडे मे महिन्यात एखादे वेळी ते गप्प बसेल, पण मृगापासून दसऱ्यापर्यंत त्याची चंगळ. म्हणजे नळीत राख राहिली तर बंदूक माळ्यावर असूनही आतून भिजतच असते.

हे क्षार तेलात विरघळत नाहीत, पाण्यात चटकन विरघळतात. न धुता वरून तेल सोडले तर क्षार तेलाखाली झाकले जातात आणि नळी आतल्या आत खातात. वरून चकचकीत, आत खड्डे. जुन्या शिकाऱ्यांची रीत बरोबर होती. नळी दस्त्यातून सुटत असेल तर सोडवायची, निपल काढायची, मागचे टोक गरम पाण्याच्या बादलीत ठेवायचे आणि गजाला चिंधी गुंडाळून पिचकारीसारखी वरखाली करायची. पहिले पाणी काळे येते आणि सडक्या अंड्याचा वास मारते. तो गंधकाचा. वास आला तर काम बरोबर चालले आहे. पाणी स्वच्छ येईपर्यंत बदलत राहायचे आणि शेवटचे पाणी कढत घ्यायचे, म्हणजे तापलेली नळी स्वतःच्या उष्णतेने सुकते. सुकल्यावर हातात गरम आहे तोवर तेल. इथे ‘जेवून येतो आणि मग लावतो’ केले की संपले. उघड्या, कोरड्या, स्वच्छ लोखंडावर पावसाळ्यात तासाभरात पिवळी झाक दिसू लागते.

टोपीचे, म्हणजे घोड्याखालच्या पेटत्या टिकलीचे, पाप निराळे. जुन्या टोप्यांत आणि जुन्या काडतुसांच्या मागच्या कॅपमध्ये पोटॅशियम क्लोरेट असे. ते जळून पोटॅशियम क्लोराइड होते, जवळजवळ आपल्या मिठासारखेच. .३०३ रायफलीत लष्कराची जुनी काडतुसे उडवल्यावर नळीतून उकळते पाणी सोडायची शिस्त होती ती यासाठीच. नरसाळे लावायचे, वरून कढत पाणी ओतायचे, मग दोरीच्या पुलथ्रूने चिंदी ओढायची. पोलिसात किंवा पलटणीत नोकरी केलेला कोणी गावात असेल तर त्याला चार बाय दोनच्या चिंदीबद्दल विचारा, तो अर्धा तास बोलेल. बिनधुराच्या दारूची आजची काडतुसे अशी क्षारांची राख सोडत नाहीत, तिथे तेलाची चिंधी आणि पितळी ब्रश पुरतो.

मात्र जुन्या नळीत आजचे काडतूस घालायचेच नाही. काळ्या दारूच्या दाबासाठी घडलेली नळी बिनधुराच्या दारूचा दाब सोसेलच असे नाही, आणि आतून खड्डे पडलेली तर मुळीच नाही. नळीवरच्या ठशांवरून ती कोणत्या दारूसाठी तपासली होती हे कळते. बर्मिंगहॅमचे तपासणीघर १८१३ पासून असे ठसे मारते. ते वाचायला जाणकार लागतो, आणि पॉलिश पेपरने घासून टाकले तर जाणकारही काही करू शकत नाही.

बाहेरच्या गंजाबद्दल मात्र जरा खोलात जायला हवे, कारण सगळी नासाडी इथेच होते. बंदुकीच्या नळीवरची काळी-निळी झाक हा रंग नव्हे, तोसुद्धा गंजच. तांबडा गंज भुसभुशीत असतो, लोखंडापेक्षा जास्त जागा व्यापतो, म्हणून पोपडे धरतो आणि पोपड्याखाली पुन्हा ओल जाते. काळा गंज घट्ट बसतो आणि तेल धरून ठेवतो. जुने कारागीर नळी मुद्दाम गंजवत, मग ती पाण्यात उकळून तांबड्याचा काळा करत, वरची सैल भुकटी ब्रशने झाडत, आणि हेच पुन्हा पुन्हा करत. आता त्यावर चिंच किंवा लिंबू चोळले, विटेची भुकटी घासली, की आम्लाला तांबडे-काळे कळत नाही. दोन्ही जातात. खाली उघडे पांढरे लोखंड उरते, दोन दिवस आरशासारखे दिसते आणि पोळ्याच्या झडीत पहिल्यापेक्षा जोरात गंजते. संडास धुवायच्या आम्लाने बंदुकी ‘नव्या’ केलेल्याही पाहिल्या आहेत; त्याबद्दल न लिहिलेलेच बरे.

म्हणून तांबडा काढायचा, काळा ठेवायचा, बस. नळीवर सढळ पातळ तेल किंवा मातीचे तेल सोडून रात्रभर राहू द्या. दुसऱ्या दिवशी जाड सुती कापडाने चोळा. निम्मा गंज तेवढ्यात येतो. उरलेल्याला लोखंडापेक्षा मऊ धातू लावा, म्हणजे गंज खरवडला जातो आणि नळी नाही. तांब्याची पट्टी चालेल, किंवा १९४३ ते ४७ मधला भोकाचा पैसा घरात पडून असेल तर तो, त्याची कड या कामाला फार छान. तेल ओले ठेवून हलक्या हाताने घासा. फारच चिवट डाग असेल तर चार शून्यांची स्टील वूल मिळते, अगदी रेशमासारखी बारीक, तीही तेलातच. स्वयंपाकघरातली तारेची घासणी नको. खोल खड्डे पडले असतील तर ते खड्डे म्हणूनच राहू द्या. ते भरायला किंवा समतल करायला गेलात की नळीची जाडी जाते.

दुनळीच्या नळीवर पाण्याच्या लहरींसारखी नक्षी दिसली तर हात आवरा. लोखंड आणि पोलादाच्या पट्ट्या पिळून, तापवून, ठोकून ती नळी घडवलेली असते, आणि ती नक्षी वरच्या तपकिरी थरामुळेच दिसते. बेल्जियममधल्या लीजच्या कारखान्यांनी अशा नळ्या जगभर विकल्या. थर घासला की नक्षीही जाते आणि किंमतही.

जी बंदूक पुन्हा कधी वाजणार नाही, फक्त दिवाणखान्यात लटकणार आहे, तिची गोष्ट वेगळी. संग्रहालयांत अशा लोखंडाला तेलाऐवजी मेण लावतात, कारण तेलावर धूळ बसते. ब्रिटिश म्युझियमच्या प्रयोगशाळेने १९५० च्या दशकात यासाठी बारीक स्फटिकांचे मेण बनवले, ते आजही वापरात आहे. फार गंजलेल्या लोखंडावर टॅनिक आम्लही लावतात. त्याने तांबडा गंज काळ्या, स्थिर थरात बदलतो. सातपुड्यातल्या हिरड्यात हेच टॅनिन भरपूर, आणि हिरडा व हिराकस यांची काळी शाई आपल्याकडे जुनी, क्रिया तीच. पण म्हणून हिरड्याचा काढा नळीवर ओतायला जाऊ नका. चालत्या हत्याराला ते काम नाही.

तेल कोणते, यावर गावात जितकी घरे तितकी मते. खोबरेल बहुतेकांचे आवडते. ते २४-२५ अंशांखाली थिजते, आणि सौसरकडची पौषातली रात्र त्याच्या कितीतरी खाली जाते. मग घोडा जड पडतो आणि लोक स्प्रिंगला दोष देतात. जवसाचे तेल हवेत वाळून पापडी धरते, म्हणून ते दस्त्याच्या लाकडाला उत्तम आणि कळीला विष. लाकडावरही दोन थेंब तळहातावर घेऊन चोळायचे, ओतायचे नाही. कळीला शिलाई मशीनचे पातळ खनिज तेल चांगले, तेही थेंबाने. जास्त तेल झाले की धूळ आणि राख मिळून काळा चिकटा होतो. इंग्रजांच्या काळात बंदुकीला रंगून ऑइल लावत, ब्रह्मदेशातल्या खनिज तेलापासूनचे. डब्यातून फवारायचे डब्ल्यूडी-४० हे १९५३ साली मुळात पाणी हटवायला बनले. ओली बंदूक कोरडी करायला ठीक, पण ते उडून जाते, त्याच्या भरवशावर पावसाळा काढू नये.

वंगणाचा विषय निघाला की १८५७ आठवतेच. एन्फील्डच्या काडतुसाला चरबी का लागत होती, तर नळीतली राख मऊ राहावी आणि पुढची गोळी ठासता यावी म्हणून. त्या वर्षी जानेवारीअखेर शिपायांनी आपल्या पसंतीचे वंगण स्वतः लावावे अशी मुभा सरकारने दिली. तूप आणि मधमाशांचे मेण हे मिश्रण तांत्रिकदृष्ट्या उत्तमच होते. काळ्या दारूच्या राखेत खनिज तेल डांबरासारखे होते, तूप-मेण होत नाही. पण तोवर विश्वास उडाला होता, आणि तो कोणत्याही वंगणाने परत येणारा नव्हता.

ठेवताना कातडी किंवा कॅनव्हासच्या खोळीत घालून ठेवू नका. खोळ ओल शोषते आणि नळीला लावून धरते. जुन्या सुती धोतराचे सैल फडके गुंडाळा आणि कुलूपबंद, हवेशीर जागी ठेवा. तोंड खाली करून ठेवली तर जास्तीचे तेल दस्त्यात उतरत नाही. वर्षानुवर्षे तेल उतरून मानेजवळचे लाकूड मऊ झालेल्या बंदुका मी पाहिल्या आहेत. निवडणुकीची आचारसंहिता लागली की परवान्याच्या बंदुका ठाण्यात जमा होतात. विधानसभा, लोकसभा, पंचायत अशी रांग लागली तर त्यांचा मुक्काम लांबतो, आणि तिथे कोणी तेल लावणार नाही, तशी अपेक्षाही करू नये. जमा करण्याआधी नळीला आत-बाहेर जाडसर ग्रीस भरा, पावतीवर नंबर तपासून घ्या. परत आणल्यावर ग्रीस पूर्ण पुसल्याशिवाय बार भरायचा नाही. नळीत अडथळा राहिला तर नळी फुटते. आणि भरायचा तो रानडुकरांना पळवायला. मारायचे असेल तर १९७२ च्या वन्यजीव कायद्याखाली आधी परवानगी लागते, राखणीचा परवाना तिथे पुरत नाही.

पुढच्या आठवड्यात खंडेनवमी. बहुतेक बंदुका वर्षातून एकदा त्याच दिवशी माळ्यावरून उतरतात, पुसल्या जातात आणि लगेच त्यांच्यावर ओल्या हळदीकुंकवाची बोटे उठतात, झेंडूची ओली माळ पडते, कोणाकडे पंचामृताचे शिंतोडेही. मग तशाच त्या परत माळ्यावर जातात, वर्षभरासाठी. पुढच्या वर्षी नळीवर पाच बोटांचे पाच तांबडे डाग दिसतात, अगदी ओळखू येतील असे. पूजेत कमी काही करू नका. नळीऐवजी दस्त्यावर कुंकू लावा, माळ नळीखाली फडके घालून ठेवा, आणि दसऱ्याला सोने लुटायला निघण्याआधी तेलाची चिंधी एकदा सगळीकडून फिरवा.

पुढचा लेखांक शिलाई मशीनवर. तेलाची बाटली तोवर संपवू नका.