हौसेची स्पोर्ट्स कार घेताना आधी कागद तपासा

परभणी, प्रतिनिधी : बंद पडलेली जुनी दोन दारांची स्पोर्ट्स कार स्वस्तात घ्यायची आणि सवडीने दुरुस्त करून रस्त्यावर आणायची, अशी हौस अनेकांना असते. मात्र अशा व्यवहारात इंजिनाआधी कागदपत्रे तपासणे श्रेयस्कर ठरते.

'डीसी अवंती' या भारतीय बनावटीच्या स्पोर्ट्स कारचे उदाहरण बोलके आहे. एकाच इंजिन व चॅसी क्रमांकावर दोन राज्यांत दोन गाड्यांची नोंदणी झाल्याच्या आरोपावरून मुंबई पोलिसांनी डिसेंबर २०२० मध्ये कारवाई केली होती. म्हणूनच चॅसीवर कोरलेला क्रमांक आरसी बुकाशी ताडून पाहावा.

गाडीवर कर्जाचा बोजा असल्यास तो उतरल्याचा नमुना ३५ विक्रेत्याकडून घ्यावा. परराज्यातील गाडीस तेथील परिवहन कार्यालयाचा नाहरकत दाखला, म्हणजे नमुना २८, आवश्यक असतो. त्याशिवाय परभणीचा 'एमएच २२' क्रमांक मिळत नाही. शिवाय येथील करही भरावा लागतो. खासगी मोटारीची नोंदणी १५ वर्षांनी संपते. त्यानंतर गाडीची तपासणी होऊनच ५ वर्षांसाठी नूतनीकरण होते. इंजिन बदलायचे झाल्यास पूर्वपरवानगी हवी.

यंत्र कुशल मिस्त्रीच्या हातून पुन्हा सुरू होऊ शकते. पण सदोष कागदांची गाडी कितीही चकाकली तरी तिची जागा अंगणातच!