‘चॉ’वरचा चंद्र

माझ्या थोरल्या बहिणीचे सासर इंदूरचे. त्या घराला तिथे चार पिढ्या झाल्या. तिची मुलगी, म्हणजे माझी भाची, हिने बँकेतली नोकरी सोडून गरम चॉकलेटचे दुकान काढायचे ठरवले आणि मला बेळगावला फोन केला. "मावशी, तू जन्मभर शाळेत चित्रकला शिकवलीस. पाटी आणि रंग तूच ठरवायचे." जावई धारवाडकडचे, कन्नड घरातले. अशी घरे आपल्या वाचकांत पुष्कळ असल्याने त्यावर जास्त सांगायला नको. दुकानाचे नाव मात्र इथे देत नाही, कारण ही जाहिरात नव्हे.

इंदूरकरांना रात्री गरम, गोड काही पाजणे सोपे नाही. राजवाड्यामागचा सराफा ज्यांनी पाहिला आहे त्यांना हे कळेल. दिवसा तिथे सोन्याचांदीचा व्यवहार चालतो. रात्री सराफांची शटर खाली आली की त्याच पायऱ्यांपुढे खाण्याचा बाजार भरतो. भुट्ट्याचा किस, थंडीतले गराडू, ताटाएवढा जलेबा आणि मोठ्या कढईत आटत असलेले दूध. भाचीची खरी स्पर्धा या दुधाशीच होती. आणि या दुधाला लोगोबिगो काही लागत नाही! कढई, तिच्यावरची वाफ, कडेला जमलेली साय, झारा वर नेऊन दुधाची धार सोडणारा माणूस, हीच त्याची पाटी. भाचीचे चॉकलेट मात्र आतल्या खोलीत यंत्रात ढवळले जाणार. रस्त्यावरून जाणाऱ्याला दिसणार काय? तेव्हा कढई जे काम करते ते पाटीने करायचे, एवढे मी मनाशी पक्के केले.

पहिला प्रश्न रंगाचा. चॉकलेटचे दुकान म्हणजे चॉकलेटी रंग, असे सगळ्यांनी गृहीत धरले होते. मराठीत आपण या रंगाला तपकिरी म्हणतो, म्हणजे तपकिरीच्या भुकटीचा रंग. निपाणीच्या तंबाखूच्या मुलखात राहणाऱ्यांना तो वेगळा दाखवावा लागत नाही. कन्नडमध्ये त्याला ‘कंदु’ म्हणतात. पण या रंगाची एक खोड आहे. तपकिरी रंगाचा दिवा कोणी पाहिला आहे का? तसा दिवाच नसतो. तपकिरी म्हणजे अंधारलेला नारिंगी. शेजारी त्याहून उजळ काही असेल तरच डोळा त्याला तपकिरी म्हणतो. मागून दिवा लावलेल्या पाटीवर तोच रंग कधी विटकरी दिसतो, कधी चिखलासारखा. रात्री चालणाऱ्या दुकानाला हे परवडणारे नव्हते. म्हणून पाटीची जमीन गडद तपकिरी ठेवली, तिला दिवा नाही. उजेड फक्त अक्षरांना, आणि अक्षरे सायीच्या रंगाची. पांढरीशुभ्र नव्हेत, पांढरा रात्री दवाखान्यासारखा दिसतो.

तिसरा रंग कोणता घ्यावा यावर आठवडाभर चर्चा झाली. जांभळा म्हटले की कॅडबरी आठवते. त्या रंगाच्या हक्कासाठी ती कंपनी आणि नेस्ले ब्रिटनच्या कोर्टात वर्षानुवर्षे भांडल्या आहेत. केशरी घेतला तर सराफ्यातल्या दुधाची नक्कल. शेवटी उत्तर बहिणीच्या कपाटात सापडले. इंदूरपासून नव्वदेक किलोमीटरवर महेश्वर आहे, अहिल्याबाईंची राजधानी. तिथल्या साडीच्या रंगांची जुनी नावे ऐकावीत अशी आहेत: अंगुरी, दाळिंबी, गुलबक्षी, जांभळा आणि चक्क तपकीर. म्हणजे आमचा मुख्य रंग तिथल्या मागावर आधीपासूनच होता. त्याच्या जोडीला दाळिंबी घेतला. जावयांच्या आईंना फोनवर सांगितले तर त्या म्हणाल्या, "हा तर आमच्या इरकलचा रंग." इलकलच्या साडीत दाळिंबी लाल असतोच. दोन्ही विहिणी आपापल्या साडीवर खूश, हा फायदा कुठल्याही रंगशास्त्राच्या पुस्तकात लिहिलेला नाही.

आता चिन्ह. कप आणि त्यावर वाफेच्या तीन नागमोडी रेघा, हे चित्र सगळ्यांनी सुचवले. ते प्रत्येक चहाच्या दुकानावर असते, म्हणून मी ते बाजूला ठेवले. कागदावर नुसता ‘चॉकलेट’ हा शब्द वेगवेगळ्या तऱ्हेने लिहीत बसले. मराठी नाटकांची नावे कमल शेडगे लिहीत, तेव्हा अक्षराच्या वळणातच नाटकाचा स्वभाव दिसे. ती वाट डोळ्यांपुढे होती. लिहिता लिहिता ‘चॉ’वरचा अर्धचंद्र दिसला. इंग्रजी शब्दांचा उच्चार दाखवायला आपण वापरतो तो. वर तोंड करून बसलेली ती लहानशी वाटीच नव्हे का? ती वाटी जरा मोठी केली, आत दाळिंबी भरला, कड सायीची ठेवली. कप तयार! वेगळे चित्र काढायची गरजच उरली नाही.

जावई म्हणाले, "चिक्कम्मा, आमच्यात चाकलेट म्हणतात की. त्यात चंद्रच नाही." खरे आहे. इंदूरच्या कित्येक हाताने रंगवलेल्या पाट्यांवरही चंद्र गाळून ‘चाकलेट’ लिहिलेले असते. मी म्हटले, "मग तर फारच छान, आपला चंद्र लगेच डोळ्यांत भरेल."

खरी वादावादी पुढेच झाली, आणि ती ‘ल’वरून. मराठी ‘ल’ देठाला दोन पाकळ्या लागल्यासारखा असतो, हिंदी ‘ल’ला उजवीकडे उभा दंड. महाराष्ट्र शासनाने ६ नोव्हेंबर २००९ च्या निर्णयात मराठीसाठी पाकळीचा ‘ल’ ठरवून दिला आहे. संगणकाच्या लेखी मात्र दोन्ही अक्षरे एकच, त्यांचा क्रमांकही एकच. कोणता दिसणार हे फॉन्टवर अवलंबून. इंदूरच्या डिझायनरने साहजिकच दंडाचा ‘ल’ टाकून पाठवला.

बहीण एरवी कशातच पडत नाही, पण तेव्हा म्हणाली, "मला पाकळीचाच ल हवा." भाचीचे म्हणणे, गिऱ्हाईक सगळे हिंदी बोलणारे, त्यांना परका वाटेल असे काही पाटीवर कशाला? तिने नोकरी सोडली होती, कर्ज तिच्या नावावर होते, तिला असे बोलायचा हक्क होता. बहिणीने वाद घातला नाही. तिने नातवाची वही आणून पुढे ठेवली. त्यात पानभर सुरेख दंडाचा ‘ल’. "हा घरात मराठी बोलतो," ती म्हणाली, "पण मी लिहिलेला ल वाचताना थांबतो. कुठे तरी रोज त्याच्या डोळ्यांसमोर असू दे." भाची त्या दिवशी काहीच बोलली नाही. पाटीवरच्या भाषेचा प्रश्न आपल्या जिल्ह्याला नवा नाही, तो इथे उकरून काढत नाही. मात्र एका घरात एका अक्षरासाठी इतके काही पणाला लागलेले मी प्रथमच पाहिले.

चार दिवसांनी भाचीने दोन्ही ‘ल’चे कागद छापून आणले, शेजारच्या दुकानांत आणि रस्त्यावरच्या माणसांना दाखवले. कोणीही वाचताना अडले नाही. एका आजोबांनी तर पाकळीच्या ‘ल’वर बोट ठेवून विचारले, "मराठी हो क्या?" आणि दुकान कधी उघडणार तेही विचारले. पाकळीचा ‘ल’ राहिला. तो निर्णय तिचा, आईच्या भिडेने घेतलेला नव्हे, हे तिने मला दोनदा बजावून सांगितले.

चिन्ह कागदावर छान दिसून भागत नाही. दहा फुटांच्या पाटीवर, कपावर, बिलाच्या काळ्या छपाईत आणि मोबाइलवरच्या नखाएवढ्या गोलात ते ओळखू यावे लागते. रस्त्यापलीकडून वाचता येणाऱ्या पाटीला इंदुरात मोठी परंपरा आहे. देवळालीकर मास्तरांनी १९२७ साली तिथे चित्रशाळा सुरू केली. बेंद्रे तिथलेच विद्यार्थी आणि हुसेनही. हुसेन पुढे मुंबईत सिनेमाची मोठाली चित्रे रंगवून पोट भरत. आम्ही मात्र घरातल्या जिन्याखाली कागद चिकटवून गच्चीवरून पाहिले. नखाएवढ्या आकारात पूर्ण शब्द बुजतो, म्हणून तिथे नुसता ‘चॉ’ घेतला. काळ्या छपाईत वाटी भरीव काळी, कड कोरी.

छपाईवाल्याकडे जाताना फाइल ‘कर्व्ह’ करून न्यावी. म्हणजे अक्षरांचे चित्र होते, नाहीतर त्याच्या संगणकावर ‘ल’ला पुन्हा दंड फुटायचा! कपावर रंग वाढला की खर्च वाढतो, तेव्हा तिथे दोनच रंग ठेवले. खाकी कागदाचे कप सध्या सगळ्यांना आवडतात, पण तपकिरीवर तपकिरी उठत नाही, म्हणून कप सायीच्या रंगाचे घेतले.

चिन्हाची नोंदणीही करून घ्यावी. आपल्या कर्नाटकातला अर्ज चेन्नईच्या कार्यालयाकडे जातो, इंदूरचा मुंबईकडे. चॉकलेट या मालाचा वर्ग ३०, बसवून खाऊपिऊ घालण्याचा ४३. नोंद दहा वर्षे चालते, मग नूतनीकरण. ‘चॉकलेट’ हा शब्द कोणाच्या मालकीचा होत नाही, पण तो ज्या वळणाने काढला ते वळण राखता येते.

राहता राहिले कन्नड. कोको भुकटी दक्षिण कन्नडमधून मागवावी, ही सूचना जावयांची. पुत्तूरला कॅम्पको या शेतकऱ्यांच्या सहकारी संस्थेचा १९८६ पासून चॉकलेटचा कारखाना आहे. तेव्हा कपावर आमचीही एक खूण हवी, असा त्यांचा आग्रह. त्यांनी ‘बिसि बिसि’ सुचवले, म्हणजे गरमागरम. देवनागरीत लिहून पाहिले तर बहीण हसत सुटली. इंदुरात बीसी म्हणजे आपली भिशी! बायका पैसे गोळा करायला आत येतील. मग तोच शब्द कन्नड लिपीत, कपाच्या बाहेरच्या कागदी पट्टीवर दाळिंबी रंगात ओळीने छापला. ती गोल गोल अक्षरे वाटीच्या चंद्राशी छान जुळतात. गिऱ्हाइकांना ती नक्षी वाटते, आणि ही महेश्वरीची कोणती किनार, असे बायका भाचीला विचारतात.